एका हीटरची बखर

जळगावात राहणाऱ्या माणसाने मोटारीतल्या हीटरवर लेख लिहावा, हे वाळवंटात छत्री-दुरुस्तीचं दुकान थाटण्यासारखं आहे, याची मला कल्पना आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. नळाच्या पाण्यात विसण म्हणून माठातलं गार पाणी घालावं लागतं. दुपारी बारा ते चार या वेळात रस्त्यावर जो दिसतो, तो एक तर पोस्टमन असतो किंवा परगावचा जावई. अशा गावात हीटर हा शब्द उच्चारला तरी ऐकणारा आधी तुमच्या कपाळाला हात लावून बघतो.

पण आमच्याविषयीची ही माहिती अर्धी आहे. खानदेशची दुसरी अर्धी माहिती डिसेंबर-जानेवारीत मिळते. 'राज्यात सर्वांत कमी तापमान' अशा मथळ्याखाली महाबळेश्वर असेल म्हणून पुणेकर बातमी वाचायला घेतात आणि आत धुळे निघतं. ५-६ अंश म्हणजे धुळेकरांना फार मोठी गोष्ट वाटत नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आभाळाला परत करून मोकळी होते. ज्या जमिनीला लवकर तापायची खोड, तिला लवकर निवायचीही असते. आमच्या घरातही अशी एक व्यक्ती आहे. पण तो विषय वेगळा.

या थंडीचा सर्वांत मोठा धसका केळीला. रावेर, यावल या पट्ट्यात पारा १० च्या खाली उतरला की केळीवर चरका पडतो, पानं पिवळी होतात, घड निसवायला नाखूश होतो. मग शेतकरी रात्री बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतो, विहिरीचं कोमट पाणी बागेला सोडतो आणि स्वतः मात्र एका कांबळ्यात कुडकुडत बसतो. माझे मामा असे रात्र रात्र बसलेले आहेत. त्या हीटरचे मालक हेच.

मामांनी ती पिकअप १९७९ च्या सुमारास लष्कराच्या लिलावातून घेतली. गाडी कोणत्या कंपनीची ते मी सांगणार नाही. पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता, आणि तीस हात फिरून आलेल्या गाडीत मूळ कंपनीचं असं कितीसं उरलं होतं? रंग सैनिकी हिरवा, दारं पत्र्याची, मागे हौदा, आणि केबिनमध्ये डॅशबोर्डाखाली, डावीकडे बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागेल अशा बेताने बसवलेला एक काळा पत्र्याचा डबा. त्यातून दोन रबरी नळ्या निघून पुढच्या पत्र्यातून इंजिनाकडे गेलेल्या. विकणाऱ्याच्या दलालाने सांगितलं, "मामा, ही गाडी लडाखला होती. हा हीटर आहे. ह्याचे वेगळे पैसे नाहीत." फुकट मिळालेली वस्तू काढून टाकणं मामांच्या घराण्यात बसत नव्हतं. हीटर राहिला.

मामांनी पहिले काही महिने पाहुण्यांना तो दाखवला. "लडाखचा आहे," असं ते म्हणत, आणि पाहुणे त्या डब्याकडे, काशीहून आणलेल्या गंगेच्या गडूकडे बघावं तसं बघत.

आता हीटर म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं; कारण आमच्या भागात ती सर्वज्ञात वस्तू नाही. इंजिनात जे पेट्रोल जळतं, त्याचा थोडाच भाग चाक फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची बरीचशी उष्णता नुसती वाया जाते. इंजिनाभोवती पाणी खेळवून ती रेडिएटरकडे न्यायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची, अशी व्यवस्था असते. या वाया जाणाऱ्या पाण्यातलं थोडं केबिनमधल्या छोट्या रेडिएटरकडे वळवलं आणि मागून पंखा लावला, की झाला हीटर. म्हणजे हीटर स्वतः काहीही तापवीत नाही. तो इंजिनाच्या उकाड्यावर जगणारा आश्रित आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते पावणेदोन वर्षं विसरलो होतो.

माणसाने ऊब गाडीत आणायला वेळ लावला. घरात ती फार पूर्वीच आणली होती. खानदेश सुभ्याची मोगलाईतली राजधानी बऱ्हाणपूर; आज ते मध्य प्रदेशात आहे, पण आमचा जीव अजून तिकडे अडकतो. तिथल्या शाही किल्ल्यात मुमताजमहलच्या नावाने दाखवला जाणारा हमाम आहे. चित्रांनी मढवलेलं छत, आणि तापवलेलं पाणी आत खेळवायची सोय. मुमताज १६३१ च्या जूनमध्ये त्याच बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली. खानदेशातल्या जूनमध्ये हमामाची काय गरज, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून पडत आलेला आहे. एकदा वर्गात एका मुलाने तोच मला विचारला, तेव्हा मी त्याला खाली बसायला सांगितलं.

चाकांवरची ऊब मात्र अलीकडची. शिकागोच्या मार्गारेट विलकॉक्स या बाईंनी १८९३ साली गाडी तापवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मोटारीच्या हीटरची आई म्हणून त्यांचं नाव घेतात; पण त्या साली अमेरिकेत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या, त्यामुळे बाईंच्या डोळ्यांसमोर रेल्वेचा डबा असणार हे उघड आहे. सुरुवातीच्या मोटारी तर उघड्याच. थंड देशातली मंडळी पायाशी तापवलेल्या विटा ठेवीत, मांडीवर कातड्याची पांघरुणं घेत. मग १९२० नंतर कोणीतरी धुराच्या नळीभोवतीची गरम हवा आत सोडली. ऊब आली, पण नळीला भोक पडलं तर धूरही येई, आणि तो बसलेल्याला कायमचा थंड करू शके. १९३० नंतर इंजिनाच्या गरम पाण्याचा हीटर रुळला आणि नॅश नावाच्या अमेरिकन कंपनीने तर बाहेरची हवा गाळून, तापवून आत घेण्याची सोय केली. हिंदुस्थानात जी जीप आली, १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जिची जुळणी सुरू केली, ती उघड्या अंगाचीच. आमच्याकडे हीटर मागणार कोण? १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांना धड गरम कपडेही नव्हते. हिमालयातल्या गाडीला ऊब लागते, हे त्या युद्धाने महागात शिकवलं. असा प्रवास करीत करीत ती वस्तू मामांच्या गाडीत, माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती.

तिच्याशी माझा खरा परिचय १९८१ च्या मे महिन्यात झाला. धुळ्याला लग्न होतं. लग्न माझंच. वऱ्हाड एसटीने पुढे गेलं होतं आणि मी, मामा, रुखवताची उलटी आलेली भांडी आणि केळीचे चार घड असे पिकअपमधून निघालो होतो. नवरदेव पिकअपमधून का, हा प्रश्न बरोबर आहे. मामांना नाही म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, हे त्याचं उत्तर. पारोळ्याच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघू लागली. ड्रायव्हर होते आप्पा. मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. त्यांनी गाडी झाडाखाली घेतली, पाणी ओतलं, थोडं थांबले आणि मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, आते हिटर चालू करो."

मला वाटलं, उन्हाने माणूस गेला. पण आप्पांचं गणित पक्कं होतं. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने रेडिएटर आतून भरून आला होता. त्याला इंजिनाची उष्णता सोसवत नव्हती. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. तो चालू केला की तेवढी उष्णता केबिनमध्ये येते आणि इंजिनाचा भार हलका होतो. इंजिन वाचतं. आतली माणसं वाचतात की नाही, हा प्रश्न इंजिनाला पडत नाही. बाहेर ४४ अंश, आत हीटर चालू, मामांच्या डोक्यावर ओला पंचा, आणि माझ्या रेशमी सदऱ्याला घामाने नकाशासारखे डाग. पारोळ्याचा किल्ला दिसला तेव्हा नेवाळकरांचं, म्हणजे झाशीच्या राणीच्या सासरचं हे गाव, असं मामांना सांगायला मी तोंड उघडलं आणि त्यातून नुसती वाफ आली. मांडवात शिरताना सासरची मंडळी माझ्याकडे बघून आपापसात काही बोलली. पुढे कळलं की मुलाला ताप आहे आणि ते लपवून ठेवलंय, असं त्यांचं मत झालं होतं.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारी ते जून दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. शीत आणि उष्ण समान मानावं हे सांगायला जागा मात्र फार योग्य निवडली गेली होती, सरकारने निवडली असली तरी. त्या दिवशी बोहल्यावर उभं राहताना मला हे जाणवलं.

परत आल्यावर गाडी मिस्त्रीकडे गेली. मी बरोबर होतो. मिस्त्रीने इंजिनाच्या तोंडाशी असलेली एक वाकडी नळी सोडवली आणि आतून पितळेची, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, स्प्रिंग लावलेली चकती काढली. "हा वॉल आपल्याकडे काय कामाचा? हे काय काश्मीर आहे? काढून टाकतो. इंजिन गार राहील," असं तो म्हणाला. मामा शेतात होते. मी, लग्नातल्या वाफेचा अनुभव ताजा असलेला माणूस, मोठ्या अधिकाराने म्हणालो, "काढा." त्याने ती चकती पुसून, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी ती डॅशबोर्डाच्या खणात टाकली आणि विसरून गेलो. इंजिन खरोखरच गार राहू लागलं.

त्या हिवाळ्यात हीटर बिघडला.

बिघडला म्हणजे पूर्ण बंद पडला असता तर बरं झालं असतं. माणूस निदान आशा सोडतो. हा लहरी झाला. बाजारात गाडी उभी असली, रेल्वेच्या फाटकात अडकली, की छान ऊब देई. मामा खूश होत. फाटक उघडलं, गाडी भुसावळच्या रस्त्याला लागली, की पाच मिनिटांत त्याच जाळीतून सातपुड्यावरचा वारा आल्यासारखी गार झुळूक. अंगाला ऊब लागणार नाही याची हमी फक्त प्रवासात.

निदानाला सुरुवात झाली. वायरमनने पंख्याची मोटर बदलली. गार हवा जास्त जोरात येऊ लागली. कोणी म्हणालं, नळीत हवा अडकली आहे. म्हणून गाडीचं तोंड उकिरड्याच्या चढावर करून रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे आले, पाणी तापलं, हीटर तापला. मामांनी मिठाई वाटली आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पुन्हा तेच. नळीवरचा कॉक गंजला असेल म्हणून तो बदलला. हीटरचा डबा खोलून धुतला तेव्हा आतून मूठभर पिवळी माती निघाली; ती लडाखची, असं मामांचं मत. त्यांनी ती तुळशीत टाकली.

मी शाळेत इतिहास शिकवीत असे, त्यामुळे या कामी माझाही सल्ला घेतला जाई. आमच्याकडे शिकलेल्या माणसाला सगळंच विचारतात. मला या प्रकरणात इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण होई. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे असे २२ निघाले. सांगोवांगीच्या बखरींवर त्यांचा विश्वास नसे. अस्सल कागद दाखवा, असा खाक्या. कागदांसाठी गावोगाव वणवण केली आणि शेवटी १९२६ च्या डिसेंबरात, ३१ तारखेला, धुळ्यातच देह ठेवला. त्यांचा संग्रह ज्यांनी जपला ते राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे, माझ्या सासुरवाडीहून पायी जाण्यासारखं. तिथे दोनचारदा जाऊन मी मोडीतले कागद भिंगाने पाहून आलो होतो. पण मामांच्या गाडीतला, स्वतःच्या हाताने ठेवलेला कागद बघायची बुद्धी काही झाली नाही. मी सगळ्यांच्या बखरी ऐकत राहिलो.

१९८३ च्या जानेवारीत आमची मुलगी सव्वा महिन्याची झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून ही माहेरी धुळ्याला होती. मला शाळेमुळे रजा नव्हती; म्हणून रविवारी नेऊन यायचं ठरलं. मी एसटी म्हटलं. मामा म्हणाले, "एसटीच्या खिडक्या खुळखुळतात. लेकरू एवढंसं. आपली गाडी नेऊ. हीटर आहे." त्या 'हीटर आहे' मध्ये एवढी माया होती की मी काही बोललो नाही.

निघायचं होतं दुपारी तीनला. पण ओटी, पेढे, शेजारणींचे निरोप, बाळाला तीट, तीट पुसली म्हणून पुन्हा तीट, असं करता करता साडेसहा वाजले. सासूबाई दारात म्हणाल्या, "जावईबापू, गाडीत गरम आहे ना?" मी म्हणालो, "आहे ना. लडाखची आहे." आयुष्यात मी काही खोटं बोललो असेन, पण सासूशी बोललेलं हे सर्वांत गार.

फागणं मागे पडलं आणि जाळीतून झुळूक सुरू झाली. पंखा बंद केला. पण जुन्या गाडीच्या दारांना एवढ्या फटी होत्या की आत बसल्या बसल्या बाहेरचा तारा दिसे. हिने बाळाला पदर, दुपटं, शाल, माझा कोट, असं गुंडाळलं. मामांनी आपलं कांबळं काढून दिलं आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर बसले. मुकटीच्या पुढे बाळ रडायचं थांबलं. झोपलं असेल असं वाटून आम्हाला बरं वाटलं, मग हिने दुपट्यात हात घालून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हिचे पाय गार लागताहेत." आवाज अगदी साधा होता. मी बायकोला पुष्कळ वेळा रागावलेली पाहिलं आहे; त्या आवाजाची भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

पारोळ्याला चहाच्या टपरीशी गाडी थांबवली. आप्पांनी इंजिन चालूच ठेवलं होतं. हिने बाळाला टपरीवाल्याच्या चुलीशी नेलं. त्याच्या बायकोने एक शब्द न बोलता आपली गोधडी दिली आणि तळहात चुलीवर तापवून बाळाचे तळपाय चोळायला बसली. दहा मिनिटांत बाळ जोरात रडलं. ते रडणं ऐकून आम्ही सगळे हसायला लागलो.

मी शाल घ्यायला केबिनचं दार उघडलं, तर आत ऊब! हीटरची जाळी हाताला चटका देण्याइतकी गरम. उभ्या गाडीत गरम, पळत्या गाडीत गार. आप्पा बॉनेटपाशी हात शेकत उभे होते. ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "पळताना पाणी गरमच व्हत नही. मंग हिटर काय करी?"

पाणी गरमच होत नाही. का होत नाही? वारा लागतो. पण वारा तर लडाखलाही लागत असेल. तिथे मग पाणी कोण अडवीत होतं? मी डॅशबोर्डाचा खण उघडला. टायरची पावती, दोन पाने, एक उदबत्तीचं खोकं, आणि त्याखाली कागदाची पुडी. पुडी १९८१ च्या मे महिन्यातल्या वर्तमानपत्राची. आत ती पितळेची चकती. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणं, एवढंच तिचं काम. थर्मोस्टॅट म्हणतात तो हाच. पाणी ८० अंशांच्या आसपास गेलं की ती दार उघडते. ती नसल्यामुळे पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत होतं, आणि जानेवारीच्या वाऱ्यात गार होऊनच हीटरकडे येत होतं. अस्सल साधन, मिती-वारासह, आणि कर्ता मी स्वतः. मामांना सांगितलं. वाटलं, चिडतील. ते फक्त म्हणाले, "तुझं लग्न होतं रे तेव्हा. डोकं ठिकाणावर नसतं."

रात्री वॉल बसवणार कोण? पण उपाय आप्पांना समजला. टपरीवाल्याकडून गोणपाट घेतलं, चार घडी करून रेडिएटरसमोर बांधलं, वारा अडवला. काटा वर चढला. एरंडोल येईपर्यंत केबिनमध्ये अशी ऊब आली की मामांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली. बाळ झोपलं होतं. या वेळी हिने दर मैलाला हात लावून खात्री केली. पाळधी गेलं, जळगावचे दिवे दिसले आणि मामा पहिल्यांदा बोलले, "म्हटलं होतं ना, हीटर आहे."

सोमवारी मिस्त्रीने वॉल परत बसवला. एप्रिलमध्ये इंजिन पुन्हा तापलं, पुन्हा काढला. नवा रेडिएटर घातला असता तर दोन्ही प्रश्न सुटले असते, हे मी मामांना सांगितलं. त्यांनी त्याची किंमत विचारली आणि विषय बदलला. मग रीतच पडून गेली: दसऱ्याला गाडीची पूजा झाली की वॉल बसवायचा, आखाजीला, घागर पुजून झाली की काढायचा. मधले महिने मामी तो हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवीत, म्हणजे हरवत नाही. गाडी भंगारात गेली त्या वर्षी आखाजी होऊन गेली होती, म्हणून वॉल तेवढा मागे राहिला. अजूनही त्याच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत थोडं कुंकू अडकलेलं आहे.